साग आणि आडजात

वनखात्याच्या कागदावर जंगलात दोनच प्रकारची झाडे उगवतात. एक साग आणि दुसरी आडजात. मोह, तेंदू, धावडा, ऐन, सालई, बिबा, पळस, चारोळी, तिवस ही ज्यांची नावे आमच्या भागातल्या कोणत्याही म्हातारीला तोंडपाठ असतात, ती सगळी या दुसऱ्या शब्दात कोंबलेली असतात. लिलावाच्या जाहिरातीत हाच शब्द, डेपोच्या नोंदवहीत हाच, आरामशीनच्या पाटीवरही हाच. मी आर्णीला महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. हा शब्द मी पहिल्यांदा फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या बाकांवरून हसू ऐकू आले. हसणाऱ्यांत बौद्ध वस्तीतली मुले होती, तांड्यावरची होती, कोलामांच्या पोडावरचीही होती. शब्द कुणी आमच्यासाठी मुद्दाम घडवलेला नाही, लाकडाच्या व्यापारातला तो सोयीचा शब्द आहे, हे मी त्यांना सांगितले. पण एकाला नाव द्यायचे आणि उरलेल्या सगळ्यांना मिळून नुसती ‘जात’ द्यायची, ही रीत मुलांनी ओळखली होती. तेव्हा सागाविषयी लिहायचे तर आडजातीला वगळून लिहिता येणार नाही.

आर्णी हे अरुणावतीच्या काठचे तालुक्याचे गाव. पेठेत कापूस, तूर आणि सोयाबीन, आणि बाबा कंबलपोशांच्या उरुसाला लोटणारी सर्व जातिधर्मांची गर्दी, अशी त्याची ओळख. गाव सोडून सावळी सदोब्याच्या बाजूला निघाले की मुरमाड टेकड्या लागतात आणि टेकड्यांवर साग लागतो. हा पट्टा गोंड, कोलाम, आंध आणि बंजारा यांचा. आर्णी विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. या सगळ्यांच्या शेजारी, प्रत्येक गावाच्या कडेला, आमची वस्ती. जंगलाचे प्रश्न म्हणजे आदिवासींचे प्रश्न असे आपल्याकडचे लेखक धरून चालतात. जंगलाच्या कडेला राहणारा भूमिहीन बौद्ध त्या चर्चेत कुठेच नसतो, हे मला फार दिवस खटकत आले आहे.

आता झाडाकडे वळू. सागाचे शास्त्रीय नाव टेक्टोना ग्रँडिस. धाकट्या लिनिअसने ते १७८२ साली दिले. त्यातला पहिला शब्द मल्याळी ‘तेक्कू’ पोर्तुगिजांच्या तोंडी ‘तेका’ झाला, त्यावरून आला. संस्कृतात याला ‘शाक’ म्हणत. निसर्गतः साग उगवतो तो फक्त भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस या चार देशांत. जावा बेटावरचा साग माणसांनी नेऊन लावलेला आहे. पूर्वी त्याला निर्गुडीच्या कुळात धरत, आता नव्या वर्गीकरणात तो आणि निर्गुडी दोघेही तुळशीच्या कुळात गेले आहेत. हे सांगितले की माझ्या विद्यार्थ्यांना नवल वाटते. फुलाची रचना पाहिली की वाटेनासे होते.

साग हे पानगळीचे झाड आहे. आमच्याकडे हिवाळा सरता सरता पाने वाळू लागतात आणि उन्हाळाभर झाडे उघडी उभी राहतात. पहिल्या पावसाबरोबर सुपाएवढी पाने फुटतात. कोवळे पान तळहातावर चोळले की हात लाल होतो. जंगलाच्या कडेला वाढलेल्या प्रत्येक पोराने हा खेळ केलेला असतो आणि रक्त निघाले म्हणून आईला घाबरवलेले असते. पावसाळ्यात शेंड्यावर बारीक पांढऱ्या फुलांचे मोठे तुरे येतात. मागाहून फुगीर कागदी पिशवीत बसलेले एक टणक फळ तयार होते. त्याच्या आत चार कप्पे असतात, पण चारही कप्प्यांत बी भरेलच असे नाही.

श्रावणानंतर कधी कधी सगळा डोंगर तांबूस दिसतो. परगावच्या माणसाला वाटते, पाऊस ओढला. ती असते अळीची करामत. एक अळी सबंध पान फस्त करते, दुसरी शिरा तेवढ्या ठेवून मधला हिरवा भाग खाते आणि पानाची चाळणी करते. झाड मरत नाही, पण त्या वर्षाची वाढ बुडते. गुरे मात्र सागाच्या पानाला सहसा तोंड लावत नाहीत. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

सागाला एवढा मान कशामुळे? खोड आडवे कापले तर बाहेरचे फिकट कडे दिसते, ते कच्चे लाकूड. आत सोनेरी तपकिरी गाभा, ते पक्के लाकूड. सारी किंमत या गाभ्याची. त्यात तेलकट द्रव्ये असतात, टेक्टोक्विनोन नावाचे एक संयुग असते, त्यामुळे वाळवी आणि बुरशी गाभ्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. लाकूड एकदा नीट वाळले की ऊन-पावसात फारसे वाकत नाही, फाटत नाही. ओकच्या लाकडात ठोकलेला लोखंडी खिळा गंजतो, सागातला टिकतो. वजनाच्या मानाने ताकद मोठी. एक खोड मात्र सुतारांना ठाऊक असते. या लाकडात वाळूचा अंश म्हणजे सिलिका असते आणि त्याने करवतीची धार लवकर मरते. शिवाय बाहेरच्या कच्च्या कड्यात गाभ्याचे हे गुण नसतात. पंधरा-वीस वर्षांचे कोवळे झाड तोडून केलेल्या चौकटीला ‘सागवानी’ म्हणून विकतात, तिच्यात बरेचसे कच्चेच लाकूड असते आणि वाळवी ते आनंदाने खाते. ‘सागवान म्हणजे वाळवी नाही’ या समजुतीपायी पुष्कळ गरिबांनी पैसे घालवले आहेत.

गाभा किती टिकतो ते पाहायचे असेल तर कार्ल्याच्या चैत्यगृहात जावे. तिथल्या दगडी छताला आतून लाकडी कमानी बसवल्या आहेत. त्या सागाच्या आहेत आणि सुमारे दोन हजार वर्षांच्या आहेत. आपल्यापैकी पुष्कळ जण तिथे वंदनेला जातात, वर मान करून त्या कमानी पाहणारे थोडे. त्याच लेण्यात एक शिलालेख आहे. धेनुकाकट गावचा वढकी म्हणजे सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, याने लेण्याचे दार केले, अशी नोंद त्यात आहे. राजाचे नाव राहते, सावकाराचे राहते. सुताराचे नाव, बापाच्या नावासह आणि गावाच्या नावासह, त्या भिंतीवर राहिले, याचे कारण त्या धम्मात शोधावे लागते असे मला वाटते. २०२३ मध्ये दिल्लीत संसदेची नवी इमारत उघडली, तिच्यासाठी नागपूरचे सागवान गेले. त्याच वर्षी अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारशाहहून वाजतगाजत लाकूड रवाना झाले. दोन्ही वेळी वर्तमानपत्रांनी लाकडाची थोरवी रकानेच्या रकाने लिहिली. ती झाडे कुणी तोडली, कुणी ओढली, कुणी ट्रकवर चढवली, त्यातले एकही नाव माझ्या वाचनात आले नाही.

सागावर राज्यकर्त्यांचा डोळा जुनाच आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही आरमारासाठी साग तोडण्याविषयी शिस्त घालून दिलेली आहे. परंतु साग हा सरकारचा आणि माणूस हा चोर, ही आजची व्यवस्था इंग्रजांची. त्यांच्या देशातला जहाजाचा ओक संपत आला आणि त्यांना मलबारचा साग दिसला. कंपनीने १८०६ मध्ये वॉटसन नावाच्या पोलीस अधिकाऱ्याला तिथे पहिला वनसंरक्षक नेमले आणि लगोलग सागावर मक्तेदारी जाहीर केली. लोक इतके कावले की १८२३ मध्ये मन्रोने ती उठवली. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारच्या सागाचे बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे १८१७ चे लढाऊ जहाज आजही इंग्लंडातल्या हार्टलपूल बंदरात तरंगते आहे. पुढे साग संपू लागला तेव्हा मलबारचा कलेक्टर कॉनोली याने १८४० नंतरच्या दशकात निलांबूरला सागाची लागवड सुरू केली. सुरुवातीला बी उगवेना. ते काम तडीस नेले चाथू मेनन या देशी अधिकाऱ्याने. १८४६ चा तिथला एक तुकडा अजून राखून ठेवला आहे आणि ‘कॉनोलीचा प्लॉट’ या नावाने ओळखला जातो.

ब्रह्मदेशात ब्रँडिस या जर्मन वनशास्त्रज्ञाने १८५६ नंतर ‘टाउंग्या’ची पद्धत रूढ केली. डोंगरातल्या करेन लोकांनी जंगल साफ करायचे, आपले धान पेरायचे, धानाच्या ओळींमधून सरकारसाठी साग लावायचा आणि साग उभा राहिला की दुसरीकडे निघून जायचे. जमीन सरकारला, साग सरकारला, आणि करेनला दोन हंगामांचे धान. हाच ब्रँडिस १८६४ मध्ये हिंदुस्थानचा पहिला महावननिरीक्षक झाला. १८६५ चा कायदा, १८७८ चा त्याहून कडक कायदा आणि आजही लागू असलेला १९२७ चा कायदा, अशी ती वाट आहे. रेल्वे सुरू झाली तशी स्लीपरांसाठी मध्य हिंदुस्थानातली जंगले तुटू लागली. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे असले तरी १८५३ पासून कारभार इंग्रजांचा होता, त्यामुळे जंगल राखीव करण्याची रीत इकडेही आली. डोंगर आणि गायराने जंगलखात्याने घशात घातल्यावर गरीब शेतकऱ्याच्या गुराला चारा आणि पोराला रानमेवा कसा उरला नाही, हे जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडले आहे. आमच्या वनशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत ब्रँडिस असतो, जोतीराव नसतात.

१९३० साली आमच्या जिल्ह्यात जंगल सत्याग्रह झाला. १० जुलैला पुसदला बापूजी अणे यांनी राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडला आणि तुरुंगवास पत्करला. तो त्याग खराच होता. परंतु त्याच जंगलातून गवताचा भारा आणणारी बाई तोच कायदा रोज मोडत होती, आणि तिला मिळत होता तो दंड नाहीतर शिवी. स्वातंत्र्यानंतरही कायदा तोच राहिला. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाने भूमिहीनांचा सत्याग्रह केला, त्यात पडीक आणि गायरान जमीन भूमिहीनांना द्या ही मागणी होती. जंगलाच्या कडेची जमीन आमची म्हणून मागणारा तो आमचा सर्वांत मोठा लढा.

१९७४ मध्ये महाराष्ट्राचे वनविकास महामंडळ स्थापन झाले. मिश्र जंगलाचे पट्टे सरसकट तोडायचे आणि तिथे साग लावायचा, हा त्याच्या कामाचा मोठा भाग होता. हिशेबाच्या दृष्टीने ते बरोबरच होते, कारण आडजातीला भाव नाही. पण भाव कुणाचा? मोहाचे फूल उन्हाळ्याच्या तोंडी पोट भरते. तेंदूपत्त्याच्या हंगामात बायकांच्या हाती रोख पैसा पडतो. बंडीचे चाक बाभळीचे, दांड्या तिवसाच्या, कुऱ्हाडीचा दांडा धावड्याचा. धक्का सोसायचे काम सागाला जमत नाही, म्हणून शेतकऱ्याची अवजारे आडजातीचीच असतात. यवतमाळ वनविभागात जोडमोहा नावाचे वनपरिक्षेत्र आहे. गावाचे नाव लोकांनी कोणत्या झाडावरून ठेवले ते सांगायला नको. एकट्या सागाच्या लागवडीत चारा नाही, कारण गुरे पान खात नाहीत. मोठ्या पानांवर साचून पडणारे पावसाचे टपोरे थेंब जमीन उकरतात आणि खाली झुडूप नसले तर उतारावरची माती वाहून जाते. मी सागाच्या विरुद्ध नाही. मिश्र जंगलातला साग हे सुंदर आणि गुणी झाड आहे. सागाला रांगेत एकटे उभे करून बाकी सगळ्यांना हाकलून द्यायचे, याला मी विरुद्ध आहे.

ही लागवड आमच्या माणसांनीच केली. माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. माझा बाप कुपावर लाकूडतोड करायचा आणि पावसाळ्यात लागवडीवर जायचा. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात जे मी पुढे वाचले ते त्याला हाताने येत होते. बी जानेवारी ते मार्चच्या दरम्यान वेचायचे. कवच टणक म्हणून रात्रभर पाण्यात आणि दिवसभर उन्हात, असे आठ-पंधरा दिवस करायचे, तेव्हा कुठे ते उगवायला राजी होते, तेही सगळे नाही. गादीवाफ्यावर पेरून वर्षभर रोप वाढवायचे. मग मूळ अंगठ्याएवढे जाड झाले की रोप उपटायचे, खोड बोटभर ठेवून छाटायचे, मूळ वीतभर ठेवून तासायचे. या काडीला ‘स्टम्प’ म्हणतात. पहिला दमदार पाऊस झाला की पहारीने भोक पाडून स्टम्प आत सोडायचा आणि बाजूची माती टाचेने घट्ट दाबायची. दोन-दोन मीटरवर लावले तर हेक्टरी अडीच हजार. पुढे दर काही वर्षांनी विरळणी, म्हणजे कमजोर झाडे काढून चांगल्यांना उजेड द्यायचा, कारण सागाला सावली सोसत नाही. साठ-ऐंशी वर्षांनी शेवटची तोड, तेव्हा हेक्टरी दीड-दोनशे झाडे उभी असतात. पाणी साचणारी काळी जमीन त्याला चालत नाही. आमच्या उथळ मुरमात तो जगतो, पण आलापल्लीच्या खोल मातीतल्यासारखा सरळसोट वाढत नाही.

बापाने किती हजार स्टम्प लावले असतील याचा हिशेब नाही. आमच्या घराला मात्र बरीच वर्षे पत्र्याचे दार होते. मी लहानपणी जंगलात एका सागाच्या फांदीला कुऱ्हाड लावायला गेलो तेव्हा तो म्हणाला, “सागाले हात नोको लावू, पोरा. थो मोजेल हाय.” झाडावर हातोड्याचा शिक्का असतो, तोडलेल्या नगाला नंबर असतो, रस्त्याने नेताना वाहतूक परवाना लागतो. माणसांची अशी नोंद असती तर आज वनहक्काचे दावे करताना आमच्या लोकांवर जी वेळ आली ती आली नसती. सागाची आमच्या घरात येण्यासारखी एकच गोष्ट होती, त्याचे पान. सागोतीचे वाटे सागाच्या पानावर पडायचे आणि त्यातच पुडके बांधले जायचे.

वनहक्काचे सांगतो. २००६ च्या कायद्याने जंगलावर जगणाऱ्यांना हक्क दिले. त्यात अनुसूचित जमातीच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा कब्जा दाखवायचा. जो जमातीचा नाही तो ‘इतर पारंपरिक वननिवासी’. त्याने तीन पिढ्यांचा म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा वास दाखवायचा. बौद्ध आणि इतर अनुसूचित जातींची माणसे या दुसऱ्या रकान्यात येतात. बंजारा तांडेही, कारण महाराष्ट्रात ते विमुक्त जातींत मोडतात. पंचाहत्तर वर्षांपूर्वी ज्याला गावात शिवून घेत नव्हते, ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, त्याचा कागद कोण करून ठेवणार? कायद्याच्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा धरला आहे, एकट्या कागदावर अडून बसता येत नाही. ही तरतूद आपल्या माणसांना कुणी समजावून सांगत नाही. आणखी एक गंमत पाहा. याच कायद्यात गौण वनोपजाची व्याख्या आहे. तिच्यात बांबू आहे, मध आहे, तेंदू आहे, काटक्या आहेत, झाडाचे खुंटसुद्धा आहेत. इमारती लाकूड नाही. म्हणजे सागाचा खुंट ग्रामसभेचा आणि खोड सरकारचे. मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळवला आणि पुढे बांबूवर गाव उभे केले, ते बांबू या व्याख्येत बसतो म्हणून.

वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतेच, “सर, मग आपण साग लावावा की नाही?” १९९० नंतरच्या दशकात सागलागवडीच्या कंपन्यांचे पेव फुटले होते. आज थोडे पैसे भरा, वीस वर्षांनी लक्षाधीश व्हा, अशा जाहिराती. त्यातल्या पुष्कळ बुडाल्या, लोकांचे पैसे गेले, आणि १९९९ मध्ये सेबीने अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम केले. ती लाट गेली. आता ऊतिसंवर्धनाची रोपे विकणारे येतात आणि दहा-पंधरा वर्षांत पक्का साग सांगतात. लवकर जाड होणे वेगळे आणि गाभा भरणे वेगळे, एवढे त्यांना विचारा.

ज्याच्याजवळ दोन एकर आहे त्याने सबंध वावरात साग लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वीस-पंचवीस वर्षे त्यातून खायला काही मिळत नाही, आणि कर्ज दरवर्षी उभे असते. धुऱ्यावर मात्र जरूर लावावा. पाण्याचा निचरा असलेल्या बाजूला, पिकावर सावली कमीत कमी पडेल असा, आणि जोडीला एखादा मोह, एखादी चारोळी. ज्याची जमीन गायरानावर आहे त्याने आधी जमिनीचे पाहावे. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ चा आहे. जमीन नावावर नसताना लावलेले झाड, तोडायच्या दिवशी तुमचे राहत नाही.

आणि नावावर असली तरी लावल्या वर्षीच तलाठ्याकडे अर्ज देऊन झाडांची नोंद सातबाऱ्यावर करून घ्यावी, अर्जाची पोच घ्यावी. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार साग हे अनुसूचीतले झाड आहे. स्वतःच्या वावरातले असले तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. परवानगी मागितली की पहिला प्रश्न येतो तो झाड कुणाचे याचा, आणि जंगलाला लागून असलेल्या वावरात तर मोजणी होईपर्यंत पुढचे पान हलत नाही. आदिवासी शेतकऱ्याच्या झाडांसाठी १९६९ चा वेगळा कायदा आहे. ठेकेदार वावरभर साग मातीमोल भावाने उचलायचे, म्हणून तो केला. त्यानुसार त्याची झाडे परस्पर व्यापाऱ्याला विकता येत नाहीत. हे ठाऊक नसलेला माणूस घरात लग्न निघाले की धुऱ्याकडे बघतो, दलालाकडून आगाऊ रक्कम घेतो आणि झाड उभे असतानाच ते गमावून बसतो. म्हणून आमच्या महाविद्यालयातल्या मुलांना मी जूनमध्ये स्टम्प लावायला शिकवतो आणि त्याच आठवड्यात तलाठ्याला द्यायचा अर्ज लिहायला लावतो. अर्जात गट नंबर, झाडाची जात, संख्या आणि लागवडीची तारीख असावी लागते. झाडाच्या जातीच्या रकान्यात मोहाला मोह लिहायचे आणि चारोळीला चारोळी.